देवासमोर रडायला बंदी नाही

(कोल्हार येथील भगिनींच्या प्रार्थनासभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वस्त्यांवरच्या कामाची माहिती द्यायला सांगितलं आहे. ती मी देणार आहे, पण जरा वेगळ्या वाटेने. आज मला प्रार्थनेतल्या रडण्याविषयी बोलायचं आहे. मी कितीतरी वेळा कुणाला तरी म्हटलं आहे, "रडू नका, विश्वास ठेवा." तुमच्यापैकीही पुष्कळांनी म्हटलं असेल. हे वाक्य मी आता बोलत नाही. का, ते सांगते.

प्रवरेच्या काठाने आपल्या भिल्ल बांधवांच्या वस्त्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या एका वस्तीवर मी बरीच वर्षं जाते. दिवाळीच्या पुढेमागे तिथली बरीच घरं बंद होतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मग लेकरांना घेऊन ऊसतोडीला जावंच लागतं. अशाच एका हंगामात एका बाईची तीन वर्षांची मुलगी तिकडे फडावरच तापाने गेली. ती माणसं परत आल्यावर आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. गीत झालं, वचन झालं आणि मी प्रार्थना सुरू केली. दोन वाक्यं झाली नाहीत, तोच ती बाई हेल काढून रडायला लागली. त्यांच्यात रडणं म्हणजे नुसतं पाणी गाळणं नसतं. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन, काय काय झालं ते सुरात सांगत सांगत रडतात. आवाज मोठा होता. मला प्रार्थना पुढे नेता येईना. मी डोळे उघडले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाई, असं रडायचं नाही. लेकरू प्रभूजवळ सुखात आहे. विश्वास आहे ना तुमचा?"

तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मी प्रार्थना पूर्ण केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्यानंतर ती बाई सात-आठ महिने सभेला आली नाही.

आता शास्त्राकडे येऊ. आताच आपण १ शमुवेलचा पहिला अध्याय वाचला. हन्नाला मूल नाही, सवत टोचून बोलते, नवरा एलकाना प्रेमळ आहे पण त्याला दुःखाची खोली कळत नाही. शिलोच्या मंदिरात ती रडून रडून प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. आणि दाराशी बसलेला एली याजक, ज्याचं सगळं आयुष्य प्रार्थना ऐकण्यात गेलं, त्याला वाटतं ही बाई प्यायलेली आहे! हा भाग मी पूर्वी हन्नासाठी वाचत असे. त्या वस्तीवरच्या दिवसानंतर मी तो एलीसाठी वाचते, कारण त्या घरात एलीच्या जागी मी होते. एलीचं एक मात्र चांगलं की हन्नाने समजावून सांगताच तो ऐकतो आणि आशीर्वाद देतो. आणि बघा, हन्नाचा चेहरा उजळतो तो शमुवेल झाल्यावर नाही. मूल तर पुढे होतं. त्याच दिवशी ती उठते, जेवते, तिचं तोंड उतरलेलं राहत नाही. देवासमोर सगळं ओतून झालं होतं आणि एका माणसाने ते अखेर ऐकून घेतलं होतं.

"विश्वास असेल तर रडायचं नाही" हे आपण कुठून शिकलो, मला कळत नाही. शास्त्रातून तर नाही. लाजराच्या कबरेजवळ येशू रडला. आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरीही मरीयेला रडताना पाहून तो रडला. त्याच्या विश्वासात काय कमी होतं? इब्री लोकांस पत्राच्या ५ व्या अध्यायात लिहिलं आहे की त्याने मोठ्याने आक्रोश करीत, अश्रू गाळीत प्रार्थना केल्या. म्हणजे आपला मुख्य याजकसुद्धा आवाज करून रडत होता. स्तोत्रसंहितेतला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. मी ईश्वरविज्ञानाची पदविका केली तेव्हा विलापगीत हे पुस्तक आम्ही एका तासात संपवलं होतं, आणि परीक्षेला त्यावर प्रश्नही आला नाही. असो.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला आहे. आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड-पुणे रेल्वेमार्गावरचं. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली उपाशी मरण्यापासून वाचवून तिथे आणल्या. दुष्काळाने स्वतः रमाबाईंचेही आईवडील नेले होते. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती गेले. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोजच्या खास प्रार्थनेसाठी बोलावलं. आधी सत्तरएक मुली आल्या, मग शेकडो. जूनच्या अखेरीस एके दिवशी रमाबाई योहानाचा ८ वा अध्याय शिकवत होत्या आणि मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, आपापली पापं कबूल करू लागल्या. पुढे कित्येक दिवस वर्ग नीट भरले नाहीत. बाहेरच्यांनी नावं ठेवली, हे वेड आहे म्हणाले. रमाबाई शिस्तीच्या, विद्वान बाई. घंटा वाजवून गप्प बसवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

त्या मुली पापांसाठी रडत होत्या, असं त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. ते खरंच असेल. पण वस्त्यांवर काम करताना मला आणखी एक वाटतं. ज्या लेकरांनी रस्त्याकडेला आईबाप मरताना पाहिले, ती त्या वेळी रडली नसतील. भुकेलं मूल फार रडत नाही, हे कुपोषित लेकरं पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पोटभर जेवण, छप्पर, आणि न रागावणारं माणूस मिळाल्यावरच रडू फुटतं. आणि त्या मुली नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांचे गट आळीपाळीने आसपासच्या गावांत सुवार्ता घेऊन जाऊ लागले.

आता उलटी बाजू. काही सभांमध्ये वाद्यांचा आवाज वाढवून लोकांना रडवतात, आणि जो रडत नाही त्याच्याकडे संशयाने पाहतात. तेही मला मान्य नाही. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात प्रभूने दाखवण्यासाठी केलेल्या प्रार्थनेविषयी स्पष्ट बजावलं आहे. आपल्या मंडळीत एक काका आहेत, त्यांना प्रार्थनेत रडताना मी कधी पाहिलं नाही. पण रात्री बारा वाजता वस्तीवरून फोन आला तर मोटरसायकल तेच काढतात. त्यांच्या कोरड्या डोळ्यांचा हिशोब देवाला देऊ द्या.

पुन्हा त्या बाईकडे येते. मधल्या काळात माझी आई गेली. मातीच्या वेळी मला रडू आवरेना, तेव्हा एक चांगल्या भगिनी जवळ येऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही लोकांना धीर देता, तुम्हीच असं केलं तर कसं?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. पण पदराचा बोळा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभराने मी त्या वस्तीवर गेले आणि थेट तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं ताई, तुमच्या देवापुढं रडायला बंदी हाये."

मी म्हटलं, "बंदी मी घातली होती, देवाने नाही. त्या दिवशी राहिलं ते आज सांगा." ती पुन्हा तशीच हेल काढून रडली. या वेळी मी प्रार्थना केली नाही, नुसतं ऐकलं. त्या रडण्यात सगळी कैफियत होती. ताप किती दिवस होता. टेम्पो कुणाकुणाला मागितला. आधी उचल फेडा मग जा, असं मुकादम कसं म्हणाला. आणि त्याच खोपटांच्या रांगेत, याच वस्तीतली आणखी दोन लेकरं तशीच सुकत चालली होती, हेही त्यात होतं. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी मी ऐकून घेतलं असतं, तर त्या दोघांचं मला तेव्हाच कळलं असतं. दोघंही जिवंत होती, ही प्रभूची दया. दुसऱ्या दिवशी काकांनी आणि मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. एकाचं वजन आता बरं आहे. दुसऱ्याला अजून दर पंधरा दिवसांनी न्यावं लागतं.

मग आम्ही वस्तीवरच्या प्रार्थनेची पद्धत बदलली. आधी बायका बोलतात. कुणी रडलं तर गीत सुरू करून ते झाकायचं नाही. एकजण शेजारी बसते, एकजण कामाचं ते लक्षात ठेवते आणि नंतर वहीत लिहिते. प्रार्थना शेवटी. या वर्षी तोडीला जाण्याआधी कोण कुठल्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, सोबत किती लेकरं, तिकडे जवळचा दवाखाना कोणता, हे त्याच वहीतून तयार झालं. चार कुटुंबांनी लहान लेकरं आजीजवळ मागे ठेवली आहेत. त्यांच्या दुधाचा आणि शाळेचा खर्च तुमच्या दानातून चालतो, त्याबद्दल मंडळीचे आभार मानते.

ती बाई आता सभेला येते. आज आली नाही, तोडीला गेली आहे. जाण्याच्या आदल्या रविवारी ती मागच्या रांगेत बसली होती, आणि माझ्या आईच्या नावाने प्रार्थना झाली तेव्हा माझा आवाज अडकला. ती उठून पुढे आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "रडा ताई, मी हाये."