कॅमेरा कोणासाठी, चित्रण कोणाचं?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीत नवे कॅमेरे बसवायचा विषय निघालाय. माझ्या घरी गेली तीन वर्षं दोन कॅमेरे चालू आहेत, म्हणून "तुम्ही दोन शब्द बोला" असा निरोप आला. एक कॅमेरा माझ्या दाराबाहेर आहे, दुसरा कमिटीच्या लेखी परवानगीने दुचाकी पार्किंगवर. दोन्हींचं चित्रण माझ्या घरातल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर साठतं, बाहेर कुठेही जात नाही. त्या कॉम्प्युटरबद्दल आणि त्याने माझ्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाबद्दल आज बोलतो.

या कॉम्प्युटरचं नाव रास्पबेरी पाय. आकाराने एटीएम कार्डाएवढा, एकाच सर्किट बोर्डवर सगळं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली आणला, तो शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. किंमत मुद्दाम कमी, ३५ डॉलर ठेवली होती. आज त्याची नवी, जास्त ताकदीची मॉडेल्स मिळतात. डिस्क धरून माझा संच साधारण दहा वॅट वीज खातो. म्हणजे महिन्याला सातेक युनिट. घरात कोणाला आवाजही येत नाही.

त्यावर कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर चालवायचं. ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि त्यांचा कोड उघडा असतो. मोशनआय नावाचं एक आहे. ते आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांची तुलना करतं. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त ठिपके बदलले की "हालचाल झाली" म्हणून रेकॉर्डिंग सुरू करतं. पद्धत सोपी, पण पावसाळ्यात त्रास. पावसाची सर, हलणारी फांदी, रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला येणारे किडे आणि त्यांच्यामागे येणारी पाल, काचेपुढे कोळ्याने विणलेलं जाळं, सगळ्यालाच ते हालचाल म्हणतं. सकाळी उठून बघावं तर रात्रीत दोनशे क्लिप, त्यातल्या बहुतेक कोळीबुवांच्या!

म्हणून मी फ्रिगेट नावाच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. ते हालचाल दिसली की पुढचा प्रश्न विचारतं: हा माणूस आहे, गाडी आहे की मांजर? या ओळखीला बरीच गणितं लागतात, छोट्या कॉम्प्युटरची दमछाक होते. त्यासाठी कोरल नावाचं एक वेगळं छोटं यंत्र यूएसबीला जोडलंय, ते फक्त ओळखण्याचं काम करतं. शिवाय कॅमेऱ्याकडून दोन प्रवाह घेतो. कमी स्पष्टतेचा ओळखण्यासाठी, जास्त स्पष्टतेचा साठवण्यासाठी.

आता साठवणुकीचा हिशेब. सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला जवळजवळ २२ जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे साधारण ६५० जीबी. म्हणून एक टीबीची डिस्क मला पुरते. पंधरा दिवसांपेक्षा जुनं आपोआप पुसलं जातं. हे चित्रण मेमरी कार्डवर साठवू नये. सतत लिहिण्या-पुसण्याने कार्ड लवकर खराब होतं आणि नेमकं हवं तेव्हा उघडत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, ते वेळ इंटरनेटवरून घेतं. लाइट गेले, परत आले आणि नेट बंद असलं, तर चित्रणावर चुकीची वेळ पडू शकते. आणि वेळ चुकली की पुरावा लंगडा पडतो. म्हणून कॉम्प्युटर, राउटर आणि कॅमेरे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

पासवर्डचं तर सांगायलाच हवं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती काही मोठी नव्हती. कंपनीतून आलेला मूळ पासवर्ड लोकांनी बदललेलाच नव्हता. त्या उपकरणांचा मारा करून त्या ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या गेल्या. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि बाहेरगावाहून घरचा कॅमेरा बघायचा असेल तर राउटरमध्ये वाट उघडी न ठेवता व्हीपीएनने या.

इथपर्यंत तंत्र झालं. आता तो प्रश्न.

तीन वर्षांत माझ्याकडे तीनदा चित्रण मागितलं गेलं. दोनदा मी दाखवलं, एकदा नाही.

पहिल्यांदा एका स्कूटरचा आरसा तुटला होता. संशय क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर. बघितलं तर शेजारची बाइक वाऱ्याने कलंडून स्कूटरवर पडली होती. मुलं त्या संध्याकाळी तिकडे फिरकलीही नव्हती.

दुसऱ्यांदा एक पार्सल हरवलं. नाव घेतलं गेलं ते मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशींचं. मी एकच अट घातली, चित्रण बघायला त्यांनाही बसवायचं. कुरिअरच्या मुलाने पार्सल चपलांच्या कपाटावर ठेवलं, पत्ता परत वाचला, उचललं आणि वर गेला. वरचं बिऱ्हाड गावाला गेलेलं, पार्सल त्यांच्या दारात पडून होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मला बोलावलंत ते बरं केलंत, साहेब. नाहीतर मी सोडून दिलेलं काम झालं असतं आणि नाव तसंच राहिलं असतं."

तिसऱ्यांदा मला विचारलं गेलं की अमुक घरातली मुलगी रात्री किती वाजता येते, कोणाच्या गाडीवरून येते, ते जरा बघून सांगाल का? विचारणारे तिच्या घरचे नव्हते. कोण ते सांगणार नाही, कदाचित इथे बसलेही असतील. मी नाही म्हटलं.

पण खरं सांगतो, बघायचं ठरवलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पार्किंगचा कॅमेरा निवडायचा, 'माणूस' निवडायचं, तारीख टाकायची. सगळ्या क्लिप ओळीने समोर. कोळ्यांच्या दोनशे क्लिपमध्ये शोधायचं असतं तर विचारणाऱ्याचाच उत्साह मावळला असता. सॉफ्टवेअर जितकं चांगलं, तितकं डोकावणं सोपं. चोर पकडायला जी सोय, तीच शेजारणीचं वेळापत्रक काढायला. यंत्राला यातला फरक कळत नाही, तो आपल्यालाच ठरवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तो सोसायटीच्या गेटाशी येऊन थांबत नाही.

म्हणून कमिटीने कॅमेरे जरूर घ्यावेत, पण कोटेशन मागवायच्या आधी सर्वसाधारण सभेत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

एक, चित्रण पंधरा दिवस ठेवायचं. तक्रार आली तर तेवढाच भाग वेगळा काढायचा.

दोन, चित्रण एकट्याने कोणीही बघायचं नाही, सेक्रेटरींनीही नाही. कमिटीतला एक आणि कमिटीबाहेरचा एक असे दोघे मिळून बघतील आणि कारण, तारीख, वेळ रजिस्टरमध्ये लिहितील. ज्याच्यावर संशय आहे त्यालाही बघायला बोलवायचं, मग तो सभासद असो, वॉचमन असो की कामवाली.

तीन, कोणाच्या घराचं दार उघडलं की आतलं दिसेल असा कॅमेरा लावायचा नाही. लावावाच लागला तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करायचा. माझ्या दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात समोरच्या वहिनींचं दार असंच काळं केलेलं आहे, त्यांनी स्वतः येऊन खात्री करून घेतली आहे.

चार, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद. संध्याकाळी बाकावर बसून ज्येष्ठ मंडळी कमिटीबद्दल काय बोलतात, ते कमिटीला कळायची गरज नाही!

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या किल्ल्या सांभाळल्या. गावाला जाताना शेजारी किल्ली दिली, तेव्हा त्यांनी कपाट उघडून बघितलं असेल असं कधी मनातही आलं नाही. चित्रण ही तशीच एक किल्ली आहे. ती कोणाकडे ठेवायची आणि कधी वापरायची, हे सभेत सगळ्यांनी मिळून ठरवू या. कोणाला घरी असा कॉम्प्युटर बसवायचा असेल तर रविवारी सकाळी या, चहा माझ्याकडे.