भाग जुना, परीक्षा नवी : हँग होणाऱ्या संगणकाचे निदान



जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत आज संगणक पोचला नाही असे गाव शोधावे लागेल. ग्रामपंचायतीत तो आहे, आपले सरकार सेवा केंद्रात आहे, पतसंस्थेत आहे, टोमॅटो-कांद्याच्या आडत्याच्या गाळ्यावर आहे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींमुळे घराघरांत आहे. नवा घेणे सगळ्यांना परवडत नाही. मग पुण्यातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनी रॅम, जुनी हार्ड डिस्क, जुने ग्राफिक्स कार्ड आणायचे आणि आहे त्या यंत्रात बसवायचे. दोन-चार दिवस मजेत जातात. त्यानंतर एखादा अर्ज भरता भरता पडदा जागच्या जागी थांबतो, माऊस हलत नाही आणि घरातले सगळे एका सुरात म्हणतात, ‘सेकंड-हँड आणलं ना, मग हे होणारच!’

मला आज याच निष्कर्षाविषयी बोलायचे आहे. जुना भाग केवळ जुना म्हणून दोषी ठरत नाही. त्याची अडचण एवढीच की तो आपला पूर्वेतिहास सोबत आणत नाही. किती तास चालला, किती तापला, कोणत्या विजेवर चालला, का विकला गेला, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. निदान करायचे म्हणजे हा हरवलेला इतिहास चाचण्या घेऊन आपण नव्याने लिहून काढायचा. हे काम कुणालाही शिकता येते, आणि त्याचे उत्तम धडे आपल्याच शिवारात आहेत.

नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आपण सर्वांनी पाहिली आहे. ती उभारणारे गोविंद स्वरूप यांची सुरुवात मात्र सेकंड-हँड सामानाने झाली. १९५०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात सिडनीला शिकत होते. तिथे पॉट्स हिल या ठिकाणी सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या, सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. तिथले काम संपल्यावर त्या मोडीत निघणार होत्या. त्या भारताला द्याव्यात, असे स्वरूप यांनी सुचवले आणि त्या भारताला भेट मिळाल्या. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये कल्याणला याच तबकड्यांमधून आपली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. सिडनीत या तबकड्या आधी १४२० आणि नंतर ५०० मेगाहर्ट्झवर चालल्या होत्या. कल्याणला त्या ६१० मेगाहर्ट्झवर चालवल्या गेल्या. वारंवारता बदलली की जोडण्या, तारांच्या लांब्या, मापे सगळे पुन्हा तपासावे लागते. जुने सामान घेण्यात कमीपणा नव्हता. ते न मोजता वापरणे मात्र परवडणारे नव्हते.

दुसरा धडा खोडदच्या रोजच्या कामातला आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचे संकेत जोडी-जोडीने ताडून पाहिले जातात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. समजा, काही जोड्यांचे निकाल बिघडले. त्या सगळ्या जोड्यांत एकच तबकडी समान असेल आणि तिला वगळून राहिलेल्या जोड्या ठीक असतील, तर दोष त्या तबकडीच्या बाजूला आहे. एकच जोडी बिघडली असेल, तर त्या दोघींच्या संकेतांचा मेळ जिथे घातला जातो तिथे बघायचे. शिवाय अनोळखी तारका पाहण्याआधी दुर्बीण ३सी ४८, ३सी १४७, ३सी २८६ अशा ओळखीच्या, खात्रीच्या स्रोतांकडे वळवतात. ज्याचे उत्तर माहीत आहे ते बरोबर येते का हे आधी पाहायचे आणि मग अनोळखीकडे जायचे. जोड्यांची अदलाबदल करून ताडणे आणि खात्रीच्या वस्तूशी तुलना करणे, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. हँग होणाऱ्या संगणकाचे निदान यांवरच उभे आहे.

आता यंत्राकडे येऊ. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वही-पेन घ्या. ‘हँग होतो’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार दडलेले असतात. पडदा थांबला की कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली प्रणाली अजून जिवंत आहे. अडचण एखाद्या प्रोग्रॅमची, ड्रायव्हरची किंवा दृश्याची असू शकते. दिवाही जागचा हलत नसेल तर बिघाड खोल आहे आणि रॅम, मदरबोर्ड, वीजपुरवठा यांच्यावर संशय जातो. हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहून यंत्र मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागत असेल, तर डिस्ककडे बघा. आणि यंत्र न थांबता थेट बंद पडत असेल, तर उष्णता आणि एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारे खोके, हे पहिले संशयित. केव्हा थांबला, त्या वेळी काय चालू होते, किती वेळाने थांबला, हे प्रत्येक वेळी लिहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की लोक घाबरतात. ती नोंद एवढेच सांगते की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण ती सांगत नाही.

पुढचे पाऊल म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे. आजारी डिस्कवर चाचण्या चालवत राहिलात, तर सातबारा, हिशेब आणि लग्नाचे फोटो एकदमच जायचे.

त्यानंतर मागे जा. नवे आणलेले सगळे भाग काढा आणि यंत्र पूर्वीच्या अवस्थेत चालवून पाहा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. पूर्वस्थितीतही यंत्र हँग झाले, तर आणलेला भाग निर्दोष असण्याची शक्यता वाढते. झाकण उघडताना एखादी केबल सैल झाली असेल किंवा आधीपासूनचा बिघाड आत्ता वर आला असेल. आणि किती वेळ चालवायचे? यंत्र सरासरी दोन तासांनी हँग होत असेल, तर अर्धा तास नीट चालले यावरून काहीच सिद्ध होत नाही. सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सहा तास चालवा. बिघाड अनियमित असला, तर तो तसाच असताना सहा तास सुखरूप जाण्याची शक्यता शंभरात पाचच असते.

यंत्र पूर्वस्थितीत टिकले की एकेक भाग परत बसवा. एका वेळी एकच. दोन भाग एकदम बसवले की संशय दोघांत विभागतो आणि वही निरुपयोगी होते.

रॅमपासून सुरुवात करा, कारण तिची परीक्षा सोपी आहे. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालतो आणि त्याला विंडोज लागत नाही. रात्री लावून निदान चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायचे नाही. मग खोडदची अदलाबदल करा. दोन पट्ट्या आणि दोन खाचा असतील तर चार चाचण्या होतात : पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत, दुसरी पट्टीही तशीच. एक पट्टी दोन्ही खाचांत नापास झाली तर पट्टी खराब. एकाच खाचेत दोन्ही पट्ट्या नापास झाल्या तर खाच खराब. एकेकट्या चारही वेळा पास आणि एकत्र बसवल्यावर नापास, तर दोघी चांगल्या आहेत, त्यांचे आपसात जमत नाही. वेग किंवा व्होल्टेज वेगळे असले की असे होते : डीडीआर३ पट्टीला १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेली असते. बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणला की पुष्कळदा भांडण मिटते.

हार्ड डिस्क हा असा भाग आहे जो आपली रोजनिशी स्वतः लिहितो. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात एकूण चालू राहिल्याचे तास असतात. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हा २६,२८० तास दिसले तर ती डिस्क सलग तीन वर्षे चालल्याइतकी वापरलेली आहे, विकणारा काहीही म्हणो. बदलून टाकलेले आणि प्रलंबित खराब सेक्टर यांचे आकडे वाढत असतील तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. मात्र सीआरसी, म्हणजे डेटाच्या वाहतुकीतल्या, चुकांचा आकडा वाढत असेल तर आधी डेटा केबल बदला. दोष बहुधा तिचाच निघतो. विंडोजवरचा संशय दूर करायचा असेल तर डिस्क काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. त्यातही यंत्र थांबले, तर दोष बसवलेल्या विंडोजचा किंवा डिस्कचा नाही हे पक्के.

ग्राफिक्स कार्डांची वेगळी कथा आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, त्याला ग्राफिक्स कार्डांची गरज उरली नाही आणि तोवर त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. त्यांतली कित्येक चांगली आहेत, पण पंखे झिजलेले आणि आतली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. कार्डावर ताण देऊन त्याचे तापमान बघा.

आता एक उदाहरण धरू. एखाद्या कार्यालयातून निघालेला संगणक, त्यात ३०० वॉटचा मूळ एसएमपीएस. मुलाने रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकाच दिवशी बसवले. पत्रे टाइप करताना काही होत नाही. व्हिडिओचे संकलन सुरू केले की यंत्र थांबते. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ. कार्ड काढले की हँग होणे बंद. सगळे म्हणतील, कार्ड खराब. पण तेच कार्ड मित्राच्या यंत्रात दिवसभर बिनतक्रार चालले. मग? कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टची लाइन ताण पडताच ११.२ वर उतरते. नियमाप्रमाणे ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. यंत्र एकटे ठीक, कार्ड एकटे ठीक. त्यांची जोडी मात्र त्या एसएमपीएसला झेपत नाही. इथे कार्ड परत करणे हा अन्यायही झाला आणि नुकसानही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : एसएमपीएसचे खोके उघडू नका. आत सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

एसएमपीएसचा मुद्दा आपल्या दोन तालुक्यांत जास्त महत्त्वाचा आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर इथे द्राक्ष, ऊस, कांदा, टोमॅटो उभा आहे आणि त्यामागे हजारो विजेचे पंप आहेत. मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. चांगला एसएमपीएस असा झटका साधारण १६ मिलिसेकंद, म्हणजे विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी वेळ, पोटात घेतो. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की तेवढेही जमत नाही. म्हणून हँग होण्याच्या वेळा आणि मोटारींच्या वेळा शेजारी शेजारी लिहा. त्या जुळल्या तर आधी यूपीएस आणि अर्थिंग बघा, मग भाग बदला. भीमाशंकर, नाणेघाटच्या बाजूला पावसाळ्यातल्या ओलीने रॅमच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. पूर्वेच्या गावांत धूळ पंखे गुदमरवते. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसून आणि धूळ झाडून कित्येक ‘खराब’ भाग पुन्हा कामाला लागतात.

श्रोतेहो, हे ज्ञान आत्ताच का हवे? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. कार्यालयांतून असंख्य संगणक बाहेर पडत आहेत. लिनक्स टाकून त्यांतले पुष्कळ आणखी काही वर्षे शाळेत, वाचनालयात चालतील. त्यांचे भाग आपल्याकडे येणारच. ते ओळखता आले तर ती आपली संपत्ती, नाही तर कचरा.

म्हणून माझी विनंती आहे. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव इथल्या शाळा-महाविद्यालयांत एकेक तपासणीचे टेबल असावे. त्यावर खात्रीचा एक एसएमपीएस, खात्रीची रॅमची एक पट्टी, एक मल्टिमीटर, मेमटेस्टचा आणि लिनक्सचा असे दोन पेनड्राइव्ह एवढे पुरे. त्यासोबत एक मोठे रजिस्टर : कोणता भाग आला, कोणती चाचणी झाली, किती वेळ, निकाल काय. दुरुस्ती करणाऱ्या आपल्या बांधवांनी जुना भाग विकताना बिलावर ‘तपासून दिला’ एवढेच न लिहिता कोणत्या चाचणीने तपासला तेही लिहावे. गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावे. आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला आपली मुले प्रयोग घेऊन जातात. त्यांपैकी एका गटाने यंदा हे रजिस्टर घेऊन जावे. बिघडलेले यंत्र पायरीपायरीने दुरुस्त कसे केले, हे त्यांनी तिथल्या अभियंत्यांसमोर मांडावे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना नोंदी दाखवून उत्तरे द्यावीत. माझ्या मते त्याहून चांगला विज्ञानप्रयोग आपल्या तालुक्यांना सुचणार नाही.