पायरी, पदवी आणि दर्जा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाच्या पायऱ्या नव्याने बसल्या. त्या निमित्ताने ‘पायरी’ या शब्दाकडेच थोडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. पाय टेकतो ती पायरी, हे पोरासोरांनाही कळते. पण तिची भावंडे कोण, हे सहसा ध्यानात येत नाही.

‘पदवी’त तोच पाय आहे, संस्कृत वेषात. पद म्हणजे पाऊल आणि पदवी म्हणजे मुळात वाट; पुढे तिचा अर्थ मान, हुद्दा असा झाला. ‘दर्जा’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत ‘दरजा’ म्हणजे जिन्याची पायरी. इंग्रजी ‘डिग्री’च्या पोटात लॅटिन ‘ग्रॅडस’ आहे. त्याचाही अर्थ पाऊल, पायरी. मुलाने शहरातून आणलेली डिग्री आणि त्याच्या घरापुढचा दगड, अर्थाने सख्खी भावंडे!

सगळेच शब्द मात्र चढायला सांगत नाहीत. गवंडी पाणसळ लावून पातळी पाहतो. कोण कुठून चढून आले, ही चौकशी तीत नसते. सारखे आहे की नाही, एवढेच. ‘अंश’ म्हणजे वाटा. वर्तुळाचे असे ३६० वाटे केले आहेत. ‘टप्पा’ हा वाटेचा तुकडा. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारतात. गाडी घाट चढो की उतरो, टप्पा तो टप्पाच. खेड्यात जिला ‘यत्ता’ म्हणतात ती इयत्ता संस्कृत ‘इयत्’पासून आली, म्हणजे ‘इतके’. इतके शिकून झाले, एवढाच तिचा निरोप. मुलाची किंमत तीत नाही. मास्तरांनी आणि पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पायरीला मात्र माणसांनी किंमत चिकटवली. ‘पायरी ओळखून राहा’ हे वाक्य पायऱ्या चढणाऱ्यापेक्षा, ज्याला चढू दिले नाही त्यालाच अधिक ऐकवले गेले. पंढरपुरात चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. आणि त्याच महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी नामदेव महाराजांची समाधी. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. गंमत अशी की, भाविक त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत. हात लावून, कपाळ टेकून पुढे जातात. जागा सर्वांत खालची, पण ‘नामदेव पायरी’ हे नाव महाराष्ट्रभर झाले. तिथे पायरी ओळखण्याचा अर्थच फिरला आहे.

तरीही चोखोबांच्या लोकांना तो अर्थ लागू व्हायला फार उशीर झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार त्यांना उघडण्याचे ठरले. समाधीपासून महाद्वार काही पावलांवर. मध्ये सहाशे वर्षे गेली.