समाजशास्त्र कुणाच्या बापाचं?

(शहापूर, जि. भंडारा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी दहावी पास. मुंबईच्या गोदीत कंत्राटी मजूर आहे आणि कविता करतो. असल्या माणसानं समाजशास्त्रावर बोलायचं म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले, ते मी पाहिलं. हसा. पण समाजशास्त्र शिकवणारे बरेच जण समाजाकडे माडीवरून बघतात आणि आपण त्याच्या बुडाशी राहतो. बुडाशी राहणाऱ्याला भेगा आधी दिसतात.

थिअरी म्हटलं की बिचकायचं कारण नाही. म्हातारी म्हणते, नशिबात होतं. ही थिअरीच आहे. मुकादम म्हणतो, तुमची लायकीच तेवढी. हीपण थिअरी. समाज असा का आहे, याचं उत्तर जो तो खिशात घेऊन फिरतो. आपण फक्त एवढंच विचारायचं, हे उत्तर कुणाच्या फायद्याचं?

युरोपातल्या साहेबांपासून सुरू करू. हर्बर्ट स्पेन्सर म्हणाला, समाज म्हणजे एक शरीर. प्रत्येक अवयवाचं काम ठरलेलं, त्यामुळे शरीर चालतं. कॉलेजात हे नवीन ज्ञान म्हणून शिकवतात. च्यायला, हे तर आपल्याला हजारो वर्षांपासून ऐकवतायत! पुरुषसूक्तात तोंड ब्राह्मण, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, पाय शूद्र. आणि आपण? पायातपण नाही. शरीराच्या बाहेर. ज्याला शरीरातच घेतलं नाही त्याला अवयवाचं कौतुक कशाला सांगता?

याच वाटेनं पुढं गेला एमिल दुर्खीम. त्याचं श्रमविभागणीवरचं पुस्तक १८९३ चं. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची. तेव्हा दुर्खीम पंधरा वर्षांचा पोरगा होता. हे सालवारीसाठी सांगतो, त्याला कमी लेखायला नाही. दुर्खीमचं म्हणणं असं की प्रत्येक जण वेगळं काम करतो म्हणून सगळे एकमेकांवर अवलंबून राहतात, आणि त्यातून समाज बांधला जातो. बरं. पण कोण कुठलं काम करणार ते ठरवलं कुणी? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त याला सरळ उत्तर दिलं. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. वर त्या विभागण्या एकीवर एक रचलेल्या.

तरी दुर्खीमचं एक घ्यायचं. १८९७ साली त्यानं आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. माणूस एकटा मरतो, पण त्याला तिथवर नेणारी कारणं समाजात असतात, ती मोजता येतात, हे त्यानं दाखवलं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा पोरांनी 'संस्थात्मक हत्या' हा शब्द उचलला. त्यातल्या किती जणांनी दुर्खीम वाचला होता कुणास ठाऊक, पण बोट बरोबर जागी ठेवलं. विदर्भातला शेतकरी विष पितो तेव्हा दारूडा होता म्हणून फाईल बंद करणाऱ्यांना हेच पुस्तक फेकून मारायला पाहिजे.

आता मार्क्स. हा आपल्या जवळचा माणूस, म्हणून त्याच्याशी भांडण जास्त. समाजाच्या मुळाशी उत्पादन आहे. साधनं ज्याच्या हातात, कायदा, धर्म, नीती त्याच्या बाजूची. हे मला गोदीत कुणी शिकवावं लागलं नाही. जहाज दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, क्रेन दुसऱ्याची, कंबर तेवढी माझी.

पण १८५३ साली मार्क्सनं अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात हिंदुस्थानावर लेख लिहिले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुटली होती. मार्क्सचा अंदाज असा की रेल्वे आली की कारखाने येतील आणि पिढीजात धंद्यावर उभी असलेली जात मोडेल. रेल्वे आली. गिरण्या आल्या. काय झालं? मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे जिथं पगार चांगला तिथं, आपल्या माणसाला घेत नव्हते. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागायचा आणि अस्पृश्याच्या थुंकीनं बाकीचे बाटणार होते! मशीन मँचेस्टरचं, विटाळ मनूचा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उघड टाकला: मालकाशी लढायला आम्ही पाहिजे, मग साच्यावर का नको? मार्क्सवाद्यांनी या धाग्याची गाठ तेव्हाच सोडवली असती तर पुढची बरीच भांडणं वाचली असती. आजही आमच्या टोळीत ओझं उचलताना सगळ्यांचे खांदे सारखे असतात. डबा उघडताना मात्र आडनाव विचारणारा एखादा निघतोच.

मॅक्स वेबरवर फार वेळ घालवत नाही. पैसा वेगळा, सत्ता वेगळी, प्रतिष्ठा वेगळी, हे त्यानं सांगितलं. ते उपयोगी आहे. नोकरी लागून बंगला बांधलेल्या आपल्या साहेबाला शेजारी हळदीकुंकवाला का बोलवत नाहीत, ते यातून कळतं. हिंदू धर्मावर त्यानं जाडजूड लिहिलं, पण हिंदुस्थानात कधी आला नाही. मार्क्सपण नाही आला.

मग इथं राहणारे? मुंबई विद्यापीठात १९१९ ला समाजशास्त्राचं खातं निघालं, १९२४ पासून ते घुर्ये यांच्याकडे. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास. १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात त्यांनी 'संस्कृतीकरण' आणलं: खालची जात वरच्या जातीची नक्कल करत वर सरकते. म्हैसूरकडच्या गावात त्यांनी अभ्यास केला तो गावच्या प्रमुखाच्या घरात राहून. त्या ओसरीवरून महारवाडा किती दिसणार? आणि आपण नक्कल केली म्हणता? १९२७ ला महाडला आपण पाणी प्यायलो ते ब्राह्मण व्हायला नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथून तासा-दीड तासावर नागपुरात लाखो लोकांनी त्यांची शिडीच नाकारली. संस्कृतीकरणाच्या चौकटीत हे कुठं बसवणार?

आता खरा माणूस. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. नुकतीच पंचविशी गाठलेला भीमराव गोल्डनवायझरच्या वर्गात जातीवर निबंध वाचतो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, चौघांची मतं एकेक करून तपासतो. त्याचं म्हणणं: जातीचा प्राण विटाळात नाही, धंद्यात नाही, वंशात नाही. तो जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. गट बंद ठेवायचा तर बायका आणि पुरुष यांचा हिशोब जुळला पाहिजे. नवरा मेला, बाई उरली, तर तिचं करायचं काय? जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली, पुरुष उरला, तर त्याला अजून वयात न आलेली पोरगी द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, हे जातीचं दार बंद ठेवायचे अडसर. एका गटानं दार लावलं, बाकीच्यांनी बघून लावलं, काहींवर ते बाहेरून लावलं गेलं. नकलेची गोष्ट श्रीनिवासांच्या छत्तीस वर्षं आधी इथं आलेली आहे, आणि ती दार बंद होण्याची गोष्ट आहे, वर सरकण्याची नाही.

ही थिअरी तुमच्याच जिल्ह्यात तपासा. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर भोतमांगे. मारणारे कोण? बडे जमीनदार नव्हेत. बहुतेक शेतात राबणारे, सरकारी यादीतले मागासवर्गीयच. वर्गाचं गणित इथं एकटं पुरत नाही. बाबासाहेबांनी म्हटलेली उतरंडीची विषमता लावा, मग कळतं. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आहे, पण पायाखालीपण कुणीतरी आहे, आणि पायाखालचा उठून उभा राहिला तर सहन होत नाही. भोतमांग्यांकडे जमीन होती, पोरं शिकत होती, बाई दबत नव्हती. आणि पहिल्या बातम्या कसल्या आल्या? बाईच्या चारित्र्याच्या! १९१६ चा निबंध काढून वाचा. जात बाईच्या अंगावरून चालते. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, जातीचं कारण तिथंही धरलं नाही. सूड म्हटलं. कोर्टाकडंपण एक थिअरी असते, दोस्तांनो. निकालात ती लिहिलेली नसते एवढंच.

आणि १९५४? याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला राखीव जागेवर उभे राहिले आणि पडले. घटना लिहिणारा माणूस पडला, काँग्रेसचे बोरकर निवडून आले. जागा आपली, मतदार सगळ्यांचे. आपला माणूस कोण, ते ठरवणार दुसरे. पुणे कराराचं, २४ सप्टेंबर १९३२ चं, समाजशास्त्र हे असं.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता वाजवणार नाही.

जात जर लग्नानं जगते, तर आपल्या घरात काय चाललंय? बावणे, लाडवण, कोसरे, बारके, हे शब्द दीक्षेनंतर मेले का? पोरीचा बायोडाटा हातात आला की 'कोणते बौद्ध?' असं हळूच विचारणारा कोण? मातंगाची मुलगी, चर्मकाराची मुलगी घरात आणायची म्हटली की पंचशील म्हणणारं तोंड वाकडं होतं का नाही? बहिणीनं स्वतः पोरगा निवडला तर मोर्च्यात पुढं असणारा भाऊ काय करतो? आपणपण एक दार लावून बसलोय, फक्त ते बाहेरून लावलेलं आहे असं सांगत फिरतो. काही अंशी ते खरंही आहे. पण आतली कडी कुणी घातली?

म्हणून पुढच्या बैठकीला एक काम. प्रत्येकानं आपल्या घराण्यातली मागच्या तीन पिढ्यांतली लग्नं लिहून आणायची. कोण कुठल्या पोटजातीतली, कुणी ठरवलं, पोरीला विचारलं होतं का. विधवा किती, त्यांचं पुढं काय झालं, तेही लिहा. आजी, मावशी, काकू यांना विचारा, बापाला विचारू नका. तो खोटं बोलेल. एक वही मी आणतो, सगळं एकत्र मांडू. मुली आज इथं चारच आहेत, पुढच्या वेळी बहिणींना घेऊन या. वहीवर पहिला हात त्यांचा राहील.

जयभीम.