गृहशिवण आणि संसारी माणूस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात येरवडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीसंत नामदेवरायांच्या पुण्यस्मरणाच्या निमित्ताने आपण एकत्र जमलो आहोत. चिटणीसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा 'विद्यार्थी आणि शिस्त' अशा काही विषयाची त्यांची अपेक्षा असावी. निवृत्त शिक्षकाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु आम्ही घरातील शिवणकामाविषयी बोलावयाचे ठरविले. शिंप्यांच्या सभेत शिवणीवर व्याख्यान देणे म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेही झाले असते. पण ओळख पुसत चालली असेल तर ती पुन्हा करून द्यावीच लागते.

आमच्या नोकरीच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांत वर्गामध्ये एक गोष्ट वारंवार नजरेस येई. सदऱ्याचे बटण तुटले की मुले त्या जागी टाचणी लावून येत. दप्तराचा पट्टा उसवला की गाठ मारीत, आणि गाठ सुटली की नवे दप्तर येई. या मुलांत आपल्या ज्ञातीची मुलेही होती, ज्यांच्या आजोबांनी लष्कर भागात गणवेश शिवण्यात हयात घालविली त्यांची नातवंडे होती. "घरी सुई नाही का रे?" असे विचारले तर "आहे, पण कुठे ते आईला माहीत, आणि आई कामावर जाते," असे उत्तर मिळे. या उत्तरात मुलाचा काही दोष नाही, आणि आईचाही नाही.

नामदेवरायांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही आपली सारी आयुधे भक्तीच्या रूपकासाठी आली आहेत. पंजाबातील भाविक ते पद आजही गातात. आणि ज्यांच्या घरची ती आयुधे, त्यांच्या घरी मात्र कात्री फक्त दुधाची पिशवी कापण्यापुरती उरली आहे!

हे असे का झाले याचा विचार न्यायबुद्धीने केला पाहिजे. आपल्या मागील पिढीने मुलांना यंत्रावरून मुद्दाम उठविले. "तू शीक, हे पायडल मारण्यात जन्म घालवू नकोस," असे बापाने मुलाला सांगितले आणि मुलगा शिकला. तयार कपड्यांच्या लाटेत लहान दुकाने एकामागून एक बंद पडत गेली, तेव्हा हा शहाणपणा पदरी आला. तो निर्णय योग्यच होता असे आमचे स्पष्ट मत आहे. जन्माने कोणाच्याही हातात सुई बांधली जाऊ नये. परंतु धंदा सोडणे ही एक गोष्ट आहे, आणि हाताची विद्या सोडणे ही दुसरी. धंदा सुटला याचे दुःख नाही. त्याबरोबर विद्याही भंगारात गेली याचे आहे. हे भंगार शब्दशः घ्यावे. ओतीव लोखंडाची ती जुनी यंत्रे वजनावर विकली गेली, आणि त्यांचे नक्षीदार पाय आज उपाहारगृहांतील टेबलांना लागलेले दिसतात.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. "गुरुजी, वेळ कुठे आहे?" येरवड्यातील आपल्या कुटुंबांचा दिनक्रम आम्हांस ठाऊक आहे. नवरा पहाटे रिक्षा काढतो किंवा खराडीच्या कचेरीत पाळीवर जातो; बायको रुग्णालयात, दुकानात नाहीतर संगणकापुढे असते. परत येताना पुलावरच्या गर्दीत तासभर मोडतो. त्यानंतर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि उद्याचे डबे. अशा माणसाला "घरी कपडे शिवा" असे सांगणे ही क्रूर थट्टा वाटेल. पण जरा बारकाईने पाहिले तर दिसते की शिवणीला जो वेळ लागतो त्याहून अधिक मांडामांडीला लागतो. यंत्रावरचा पसारा हलवा, कात्री शोधा, दोरा शोधा, जमिनीवर कापड पसरा. इतक्यात जेवणाची वेळ होते आणि सारे पुन्हा गुंडाळावे लागते. एकदा असे झाले की माणूस दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही.

या अडचणीवरचा उत्तम तोडगा आपल्या याच येरवड्यात निघाला, हे किती जणांना माहीत आहे? महात्मा गांधी येथील मध्यवर्ती कारागृहात १९२२ ते १९२४ आणि पुढे १९३० नंतरही बंदिवान होते. सूतकताई हे त्यांचे नित्यव्रत. पण जुना मोठा चरखा अवजड, प्रवासात नेण्यास गैरसोयीचा. १९३० नंतरच्या बंदिवासात त्यांनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर पुष्कळ विचार आणि प्रयोग केले. एक मोठे चक्र, एक लहान चक्र, चाती, सारे एका चपट्या लाकडी पेटीत बसलेले. झाकण उघडले की चरखा तयार, मिटले की पेटी हातात. हाच पुढे 'येरवडा चक्र' या नावाने देशभर पोहोचला. गांधीजींच्या मागे केवढा व्याप होता! तरी सूत निघत राहिले, कारण साधन क्षणात मांडता येत होते आणि क्षणात आवरता येत होते.

येथे ओघाने आणखी एक गोष्ट सांगतो. यंत्रांविषयी गांधीजींचे मत प्रतिकूल होते हे सर्वश्रुत आहे. पण १९२४ साली, येरवड्यातून सुटका झाल्यावर काही महिन्यांनी, झालेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून मोकळे सोडले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र घडविले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरसाहेबांचे खरे चरित्र पाहता गांधीजींनी त्यांना जरा अधिकच मोठेपणा दिला असे म्हणावे लागते. शिवाय सिंगरचे यंत्र १८५१ चे; त्यापूर्वी १८४६ मध्ये एलियास हाऊ याने टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून धावणारा धोटा यांच्या यंत्राचा हक्क नोंदविला होता. त्याच्याही आधी, १८३० मध्ये, फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या गृहस्थाने शिवणयंत्र केले. तो स्वतः शिंपी होता, आणि त्याची यंत्रे मोडून टाकणारेही शिंपीच होते! असो.

तर आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक घरात शिवणीची एक पेटी असावी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालेल. त्यात कात्री, मापाची फीत, खडू, काळा व पांढरा दोरा, सुयांची पुडी, अंगुस्तान आणि हाती घेतलेले एकच काम, याखेरीज काही नसावे. आणि काम तुकड्यांत करावे. आपले वाडवडील हेच करीत. बेतणे एका वेळी, टाचणे दुसऱ्या वेळी, टीप मारणे तिसऱ्या वेळी, काज-बटण शेवटी. एका बैठकीत सदरा पुरा करण्याचा हट्ट हौशी माणूस धरतो. कारागीर तसा हट्ट धरीत नाही.

उदाहरणादाखल बाजाराची पिशवी घ्या. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून ती प्रत्येक घराची गरज आहे. जुन्या सुती साडीच्या किंवा पडद्याच्या जाड भागातून ४५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब पट्टा कापावा, आणि बंदांसाठी ६० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या. पहिल्या रात्री एवढेच करून डबा मिटावा. दुसऱ्या रात्री त्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा मध्यावर आणून पुन्हा दुमडाव्यात, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंदीचे चौपदरी बंद होतात. त्यांवर टीप मारावी. तिसऱ्या रात्री मोठा पट्टा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात. चौथ्या रात्री तोंड दुमडून शिवताना बंद त्यातच अडकवावेत, आणि जेथे बंद जोडला तेथे चौकोन करून त्यावर फुली मारावी. ओझे तेथेच पडते. रोजचे काम पंधरा मिनिटांचे. यंत्र नसेल तर हाताने उलटी टीप घालावी, तीही चांगली टिकते. मग एका रात्रीच्या दोन रात्री होतील, इतकेच.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब जेल रोडच्या बाजूस राहते. पत्नी रुग्णालयात रात्रपाळी करते, पती शाळेची बस चालवितात. दोघांची गाठ पडते ती दुपारी तासभर. आजी निवर्तल्यावर तिची लुगडी घरात पडून होती. कोणाला देववेनात, टाकवेनात. शेवटी त्यांनी गोधडी घालावयाची ठरविले. लुगड्यांचे थर अंथरले, चारी बाजू टाचल्या, आणि कडेकडेने धावदोरा घालीत चौकोनात चौकोन असे आत येत गेले. गोधडी गुंडाळून खाटेखाली सारता येते, हा तिचा मोठा गुण. कधी पती दोन ओळी घालीत, कधी पत्नी; धाकटी मुलगी सुईत दोरा ओवून देई. पावसाळ्याच्या आरंभी हाती घेतलेले काम दसऱ्यास पुरे झाले. टाके समान नाहीत. कोणाचे कोणते हे ती मुलगी बोट ठेवून दाखविते. तिच्या आजीचा एक हिरवा काठ उशाच्या बाजूला मुद्दाम राखला आहे. ही गोधडी कोणत्याही दुकानात मिळाली नसती.

काय शिवावे याबद्दल आमचे मत थोडे कठोर आहे. पैसे वाचतील या आशेने सदरा-विजार शिवू नये. बाजारातील तयार सदरा पुष्कळदा नुसत्या कापडापेक्षा स्वस्त पडतो. हिशेबात आपण हरणार. जे बाजारात नीट मिळत नाही ते शिवावे. बाळंतविड्यातील झबली, टोपडी, कुंची, दुपटी ही घरचीच असावीत. शंभरदा धुतलेल्या साडीत खळ उरत नाही. ते सूत आटायचे तेवढे आटलेले असते आणि बाळाच्या अंगाला बोचत नाही. लहान मुलीचे परकर-पोलके शिवावे, आणि शिवताना आत माया राखावी. शिवणीच्या आत जे जादा कापड आपण सोडतो त्याला 'माया' हा शब्द ज्या कोणी योजला त्याला नमस्कार असो! पुढच्या वर्षी मुलगी वाढते, शिवण उसवून माया सोडली की तेच पोलके पुन्हा अंगी लागते. तयार कपड्यांत कापड वाचविण्यासाठी ही माया बोटभरही ठेवीत नाहीत. म्हणून तो कपडा वाढत्या अंगाला वर्षभरही पुरत नाही.

मुलांना या कामात केव्हा घ्यावे, असे पालक विचारतात. सहा वर्षांच्या मुलाने जाड, बोथट सुईने गोणपाटावर धावदोरा घालावा. आठव्या वर्षी बटण लावता यावे; बटण लावताना खाली काडेपेटीची काडी ठेवून मग ती काढावी आणि दोऱ्याला वेढे द्यावेत, म्हणजे बटणाला मान राहते. यंत्रावर बाराव्या वर्षानंतर, तेही मोठ्यांसमोर. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा: सुया मोजून काढावयाच्या आणि मोजून ठेवावयाच्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी जागचे उठावयाचे नाही. वर्गात आम्ही हा नियम चालविला आणि एकाही मुलाच्या पायात सुई गेली नाही.

आणि हे सारे केवळ मुलींसाठी नव्हे. शाळांनी शिवण मुलींच्या वाट्याला आणि सुतारकाम मुलांच्या वाट्याला दिले, ही वाटणी आपल्या ज्ञातीला कधीच लागू नव्हती. आपल्याकडे गादीवर मांडी घालून पुरुष बसत, आणि काजे-तुरपाईचे काम घरात बाया करीत; दुकान चाले ते दोघांच्या हातांवर. तेव्हा "मला काय, तिला सांगा," असे म्हणणाऱ्या तरुण पित्यांनी आपल्या आजोबांची तसबीर एकदा नीट पाहावी. त्यांच्या गळ्यात मापाची फीत दिसेल. २०२० च्या साथीत मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला, तेव्हा येरवडा कारागृहातील बंदिवानांनी त्या शिवून दिल्या. आपल्या वस्तीतही ज्या घरी यंत्र चालू होते त्या घरी शेजारीपाजारी कापड घेऊन आले. ज्यांची यंत्रे विकली गेली होती त्यांनी तेव्हा काय विचार केला असेल, तो त्यांनाच ठाऊक.

कार्यकारी मंडळापुढे आमची एक विनंती आहे. एका सभासदाने दोन जुनी पायडलची यंत्रे मंडळास दिली आहेत, ती सभागृहाच्या माळ्यावर पडून आहेत. आम्ही ती उघडून पाहिली. एकाची वादी तुटली आहे, दुसऱ्याचा धोटा गंजला आहे. बाकी अंग ठणठणीत आहे. वादी व तेल यांचा खर्च आम्ही करतो. रविवारी सकाळी नऊ ते अकरा सभागृह मोकळे असते. आपल्यातील जे वयोवृद्ध कारागीर आज येथे पुढल्या रांगेत बसले आहेत, त्यांच्यापैकी दोघांनी शिकविण्याचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच आहे: मुलाला एकट्याला पाठवू नये, आई किंवा बाप यांपैकी एकाने बरोबर बसावे. येताना घरातील एक जुनी सुती साडी आणावी. पहिल्या दिवशी फक्त बेतणे होईल.