हस्त कोरडा गेल्यावर

(गोरेगाव, जि. गोंदिया येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दुष्काळ म्हटला की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे माणदेश, सोलापूर, बीड उभे राहतात. गोंदिया उभा राहत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सोलापूरच्या दुपटीहून अधिक, तेथील शेतकरी अवर्षणाची भाषा करू लागला की राजधानीत त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. हा संशय सरासरीच्या आकड्याने दिलेला आहे. ज्वारी ५०० मिलिमीटरांत निभावून नेते. रोवणीच्या धानाला हजाराच्या आसपास पाणी लागते, आणि तेही त्याच्या वेळेला. पुनर्वसू-पुष्यात बांधीत चिखल झाला नाही तर पऱ्हे जागीच वाढून निकामी होतात. धान निसवण्याच्या वेळी हस्ताने पाठ फिरवली तर उभ्या पिकात दाणा भरत नाही. २०१७ साली विदर्भात मोसमी पाऊस सरासरीहून बराच कमी झाला, तेव्हा या धानपट्ट्यात अनेक ठिकाणी रोवण्याच खोळंबल्या होत्या. सरासरी पाऊस ज्या महिन्यात पडायचा त्या महिन्यात न पडणे, हाच आपला दुष्काळ.

अशा वर्षी ऑक्टोबर उजाडला की एक नवीच चर्चा सुरू होते: हिवाळ्यात पाऊस येईल काय? वृत्तपत्रांत ‘ईशान्य मोसमी पाऊस समाधानकारक राहण्याचा अंदाज’ असे मथळे येतात आणि आपल्याकडची माणसे त्यावर भिस्त ठेवतात. येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ऑक्टोबर ते डिसेंबरचा तो अंदाज प्रामुख्याने दक्षिण द्वीपकल्पासाठी असतो, म्हणजे तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा आणि दक्षिण कर्नाटक. विदर्भ त्यात नाही. आपला हिवाळी पाऊस वेगळ्या वाटेने येतो. उत्तरेतून सरकणारे पश्चिमी विक्षोभ आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे यांची मध्य भारतावर गाठ पडली, तरच तो पडतो. कित्येकदा तो गारा घेऊन येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने गारपिटीचे केवढे रूप पाहिले ते आठवावे.

शिवाय या पावसाचे मान ते किती? जानेवारी-फेब्रुवारीचा पाऊस आपल्या वार्षिक पावसाच्या अवघा दोन-तीन टक्के. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. वीस मिलिमीटर पडले तरी ते दोन लाख लिटर झाले. ऐकायला मोठे, पण धानाच्या एका हंगामाची गरज याच्या पन्नास पटीच्या घरात आहे. या पावसाने तलाव भरत नाहीत, बोडीही भरत नाही. उभ्या धानाच्या ओलीवर टाकलेल्या लाखोळीला, जवसाला, हरभऱ्याला तो जीवदान देतो, हे खरे आणि मोलाचेही. मात्र तोच पाऊस नोव्हेंबरात आला तर कापून ठेवलेल्या कडपांवर पडतो आणि जे थोडे हाती लागले होते तेही काळे पडते. तेव्हा हिवाळी पावसाची वाट पाहणे हे शासनाला सोयीचे आहे. निर्णय पुढे ढकलायला आभाळासारखे दुसरे निमित्त नाही.

निर्णयाचे यंत्र कसे चालते ते कार्यकर्त्याने जाणून घेतले पाहिजे. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच काढून टाकला. उरली ती ‘टंचाई’. शब्द गेला, वस्तू राहिली, आणि १९७२ साली ती दारात उभी ठाकली. पुढे २०१६ ची केंद्राची दुष्काळ संहिता आली. पावसाची तूट व खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवळ, जमिनीतील ओल अशा कसोट्या आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. खरिपासाठी घोषणेची मुदत ३० ऑक्टोबर. आता आपले धान पाहा. भारी जातीचा धान नोव्हेंबरात कापला जातो. उपग्रहाला ऑक्टोबरात बांधी हिरवीगार दिसते. लोंबी पोचट आहे हे त्याला वरून कसे कळावे? आणि ज्या पैसेवारीने ते कळायचे, ती अंतिम होते डिसेंबरअखेर. दोन्ही घड्याळांत दोन महिन्यांचे अंतर आहे, आणि ते अंतर शेतकरी सावकाराच्या ओट्यावर काढतो.

घोषणा झाली तरी कोणाच्या पदरात काय पडते? जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. फी माफी चांगलीच आहे. परंतु बाकी सगळे सातबाऱ्याला आणि पंपाला बांधलेले. ठेक्याने किंवा बटईने धान करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. रोवणी करणाऱ्या बाईचे तर कोणत्याच कागदावर नाही. रोवणी बुडाली की तिची वर्षातली सर्वांत मोठी मजुरी बुडते आणि तिचे घर परमुलखाची वाट धरते. नुकसानीच्या पंचनाम्यात या मजुरीचा रकाना नाही.

तिला उपयोगी पडेल असे एकच हत्यार महाराष्ट्राने घडवले: मागेल त्याला काम. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती, आणि म्हणूनच धान्य इतके तुटलेले असताना १९४३ च्या बंगालची पुनरावृत्ती येथे झाली नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराचे काम उभे राहिले. पुढे २००५ मध्ये देशाने असाच कायदा केला. मागणीचा लेखी अर्ज आणि त्याची पोच, एवढ्यावर त्या हक्काचा सारा जीव होता. तोंडी मागणीची नोंद कुठेच होत नाही, हे आजही विसरून चालणार नाही.

आणि काम कोणते मागायचे, हे या मातीत शोधावे लागत नाही. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या कष्टकऱ्यांनी बांधलेले साडेसहा हजारांहून अधिक तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव चिकटले. मालगुजाराबरोबर दरवर्षीची डागडुजीही गेली. शंभर हेक्टरांहून अधिक सिंचनाचे तलाव पाटबंधारे खात्याकडे, बाकीचे जिल्हा परिषदेकडे. गाळ मात्र दोघांकडेही साचला. सालाबादप्रमाणे पाऊस पडला तर हे तलाव पूर्वीइतके पाणी धरत नाहीत. कमी पडला तर हस्तातल्या एका पाळीपुरतेही उरत नाही. धानाला नेमकी ती एक पाळीच हवी असते.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन कागद मागा: आपल्या गावाची पैसेवारी कोणत्या बांध्यांतील पीककापणीवरून ठरली त्याची यादी, गावच्या तलावाची मूळ व आजची साठवणक्षमता, आणि ठेक्याने शेती करणाऱ्या कुटुंबांची नोंद. तिसरा कागद बहुधा कार्यालयात नसेल. तो आपणच घरोघर फिरून, कापणी संपण्याच्या आत तयार करायचा आहे.