घाटाचे धनी



उधन्याहून जळगावला जाणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आपण वर्षातून दोन-चारदा तरी गावी जातो. नवापूर गेले, नंदुरबार आले, की डाव्या हाताला सातपुडा दिसू लागतो. आपण त्याच्याकडे एकदा पाहतो आणि डबा उघडतो. आज त्या डोंगरातल्या भिल्लांविषयी बोलायचे आहे. त्यांचे नाव आपल्या घरांतून अजूनही शिवीसारखे वापरले जाते, म्हणून विषय तसा घरचाच.

आधी थोडे लांबून येतो. अमेरिकेत टेक्सासच्या माळावर कोमांची नावाचे लोक होते. ते स्वतःला ‘नुमुनू’ म्हणत, म्हणजे माणसे. ‘कोमांची’ हे शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव, वैऱ्याला ठेवावे तसे. स्पॅनिशांचा घोडा हाती लागला आणि त्यांनी एवढा मुलूख धरला, की १७८६ मध्ये स्पेनच्या सुभेदाराला त्यांच्याशी तह करावा लागला. पुढे १८७४ मध्ये अमेरिकन फौजेने पालो ड्युरोच्या दरीत त्यांचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. माणसे तिथे फार मेली नाहीत. तरी वर्षभरात त्यांचा पुढारी क्वाना पार्कर शरण आला.

कोमांचींचे बळ घोड्यात, तसे खानदेशच्या भिल्लांचे घाटात. नाईक वाटा राखत आणि त्याबद्दल गावांकडून, वाटसरूंकडून हक्क घेत. पेशवाईच्या अखेरीस लढाया आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड झाला, बरेच भिल्ल डोंगरात गेले. १८१८ मध्ये इंग्रज आले. त्यांच्या दप्तरात नाईक ‘लुटारू’ झाला, आणि आपणही तेच दप्तर वाचून इतिहास लिहितो. डोंगरात पाठवलेल्या पलटणी तापाने आजारी पडून परतत. (औषधे देणारा माणूस असल्याने ही नोंद माझ्या नजरेतून सुटत नाही.)

मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. तो त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला, आणि डोंगर ताब्यात ठेवायला डोंगरातलीच माणसे पगारावर घेतली. घोडे मारण्यापेक्षा ही युक्ती पुष्कळ हुशारीची होती असे मला वाटते. पण सगळेच पगाराला राहिले नाहीत. सेंधव्याच्या घाटाचा खाजा नाईक १८५७ मध्ये उठला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली, आणि १८६० मध्ये तो दगा होऊन मारला गेला.

तलवारीनंतर कागद आला. मोजणी झाली, सातबारा झाला, कर्जाखाली अंगठे उठले, आणि जमीन सावकाराकडे गेली. या सावकारांत आम्ही व्यापारी जैनही होतो. हे मी या व्यासपीठावरून न सांगता कोणी सांगायचे? शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना १९७१-७२ मध्ये जमिनी परत मागायला उभ्या राहिल्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा, म्हणजे त्या चळवळीनंतरचा. जमीन गेली कशी, ते विचारायला कुणी उभे राहीपर्यंत सरकारलाही ती आठवली नव्हती.

डांगात काम आणखी शांतपणे झाले. १८३० मध्ये आउट्रम फौज घेऊन आत शिरला. १८४२ च्या सुमारास तिथल्या राजांकडून सागाचे जंगल भाडेपट्ट्याने घेतले गेले. राजे राहिले, जंगल गेले. आजही होळीच्या आधी आहव्याला दरबार भरतो. पाच भिल्ल राजे बग्गीतून येतात आणि सरकारकडून आपले सालियाना घेतात.

उधन्याहून सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोचता येते. एकदा जरूर जा. दरबार उरकला की बाजारात थोडे फिरा. तिथली डांगी बोली कानावर पडेल. ज्यांच्या घरात अहिराणी आहे त्यांना ती दुभाष्याशिवाय बरीचशी कळेल.